शेऱ्याचा रकाना

व्हर्ना स्टकी स्वतः शाळेच्या पुढं कधी गेली नाही, पण दुसऱ्यांच्या पोरींना पदव्या मिळवून देण्यात तिची बावीस वर्षं गेली. आमच्या गावात, दक्षिण इंडियानात, एक कॉलेज आहे आणि कॉलेजमागच्या चढावर सॉरॉरिट्यांची, म्हणजे मुलींच्या भगिनीमंडळांची, अकरा घरं ओळीनं उभी आहेत. प्रत्येक घराच्या कपाळावर ग्रीक अक्षरं, आणि प्रत्येक घराला आपणच काय ते श्रेष्ठ असा ताठा. त्यातल्या चौथ्या घराची व्हर्ना ही हाउस मदर, म्हणजे तिथंच राहून घर सांभाळणारी बाई. नवरा गेला तेव्हा ती एकोणचाळीसची होती, मूलबाळ नव्हतं, आणि एका सप्टेंबरात एकदम बासष्ट पोरींची आई झाली. तोंडावर त्या तिला ‘मॉम’ म्हणत, पाठीमागं ‘जेलरबाई’. दोन्ही तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

बाहेरच्यांना वाटतं, ही मंडळं म्हणजे नुसता नाचगाण्याचा धुडगूस. असेलही कुठं कुठं. पण व्हर्नाच्या घरात अभ्यासाचा बंदोबस्त असा होता की कॉलेजनं येऊन शिकून जावं. नवी पोरगी आली की तिला वरच्या वर्गातली एक अभ्यासताई नेमून द्यायचे. जिन्याखाली लोखंडी कपाट होतं, त्यात जुन्या बहिणींच्या, म्हणजे शिकून गेलेल्या सभासदांच्या, वह्या आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका विषयवार लावलेल्या. आणि जिचे गुण चारपैकी अडीचच्या खाली घसरले, तिनं सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते साडेतीन, जेवणघरातल्या लांब टेबलाशी व्हर्नाच्या डोळ्यांसमोर बसायचं. आठवड्याचे दहा तास. सबब नाही, सूट नाही. सर्दी झाली तर रुमाल घेऊन बसा.

या तासांची वही व्हर्ना ठेवायची. कधी आली, कधी गेली, आणि तिसरा रकाना शेऱ्याचा. शेरे कुणी मागितले नव्हते. तो रकाना तिनं स्वतः लाल पेन्सिलीनं आखून घेतला होता. ‘गप्पा.’ ‘डुलकी, दहा मिनिटं.’ ‘मित्राला पत्र लिहीत होती, जप्त.’ झग्याला अडकवलेलं घड्याळ बघून ती वेळही टाकायची. पोरी हसायच्या, पण त्या वहीमुळं कितीतरी पोरी तरल्या. गणितात दोनदा आपटलेली एक आज दातांची डॉक्टर आहे आणि दर नाताळला व्हर्नाला न चुकता कार्ड पाठवते. हे सांगायलाच हवं, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांच्या हातून झालेलं नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

डार्ला केसिंजर ही चाळीस मैलांवरच्या दगडखाणीच्या गावची. बाप खाणीत करवतीवर, आई ओपल शाळेच्या खानावळीत वाढपी. त्यांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली. नर्स व्हायचं होतं तिला. मंडळाच्या जुन्या बहिणी दरवर्षी एका गरीब पोरीला घरात राहणं-जेवण फुकट देतात, ते त्या वर्षी हिला मिळालं. घरातली ही जागा गेली तर कॉलेजही गेलं, हे डार्लाला माहीत होतं, व्हर्नाला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. पहिल्या सत्रात पोरीनं चारपैकी साडेतीन मिळवले आणि सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सत्रात एकदम सव्वादोनवर आली. हे शहाऐंशी सालचं. सप्टेंबरात ती दुसऱ्या वर्षाला आली ती थेट लांब टेबलावर.

बसायची मात्र शिस्तीत. दीडला दोन मिनिटं असताना हजर. पुस्तक उघडायची, पेन हातात घ्यायची, वाचायला लागायची. आणि मध्येच थांबायची. पेन हवेत, डोळे समोरच्या मिठाच्या बाटलीवर, ओठ जरासे हलतायत, जणू तोंडात गोळी चघळतेय. अर्धं मिनिट, कधी एक.

“डार्ला! अगं ए डार्ला!” व्हर्ना टेबलावर टिचकी मारायची.

“अं?” पोरगी दचकायची, इकडंतिकडं बघायची, ओठ पुसायची.

“पुस्तक इथं आहे, तू कुठं आहेस?”

“मॉम, ती चंद्रावर गेलीय,” शेजारची एखादी टवाळ म्हणायची, “जेवायच्या वेळेला परत येईल.”

टेबल खिदळायचं. डार्लाही हसायची, उशिरा, दुसऱ्यांचं बघून. आणि व्हर्ना वही पुढं ओढून लिहायची, ‘लक्ष नाही, २.१०.’

ऑक्टोबरात एकदा साडेतीन वाजले, बाकीच्या उठल्या, तरी डार्ला मागं राहिली. व्हर्ना खुर्च्या आत सारत होती.

“मॉम, मी आळस नाही हो करत. मी वाचत असते आणि मधलं पानच नाहीसं होतं. म्हणजे वरची ओळ वाचलेली असते आणि एकदम बघते तर तुम्ही टेबल वाजवताय. मधलं काहीच नसतं.”

“पान कुठं जात नाही बाई, मन जातं,” व्हर्ना म्हणाली. “कोण आहे तो?”

“कोण?”

“तो, ज्याच्याकडं मन जातं.”

“कुणी नाही, मॉम. शपथ.”

“सगळ्या हेच म्हणतात. बावीस वर्षं ऐकतेय मी.”

 डार्ला म्हणाली, बरं, उद्यापासून पुढच्या खुर्चीत बसते, तुमच्या अगदी समोर. आणि बसली. म्हणजे तेव्हापासून ती घरात होती तोवर, रोज दोन तास, त्या पोरीच्या तोंडापासून व्हर्नाचं तोंड तीन फुटांवर. जगात दुसऱ्या कुणी त्या पोरीकडं इतका वेळ टक लावून बघितलं नाही.

तिची अभ्यासताई होती लेस्ली अँब्रोझ, मंडळाच्या अभ्यासखात्याची प्रमुख. ही लेस्ली म्हणजे सोन्यासारखी पोर. स्वतःचा अभ्यास सांभाळून रोज सकाळी नाश्त्याआधी डार्लाला घेऊन बसायची. कवटीच्या हाडांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून, उलटसुलट विचारून, घोकून घ्यायची. सकाळी पाठ आणि दुपारी पाटी कोरी. “मॉम, मी काय करू हो?” असं म्हणून ती एकदा व्हर्नाच्या खोलीत येऊन रडली. “आज बावीसच्या बावीस आली होती तिला. जेवताना विचारलं तर म्हणते, आपण सकाळी भेटलो होतो का? माझी चेष्टा करते का ती?”

“चेष्टा नाही, बेफिकिरी,” व्हर्ना म्हणाली. “ओपलसारख्या बाईच्या पोटी अशी निघावी, कमाल आहे.”

नोव्हेंबरात एक दिवस डार्ला टेबलावरून नाक वर करून म्हणाली, काहीतरी जळतंय, रबरासारखं. दुसऱ्या कुणालाच वास येईना. पण व्हर्ना आगीच्या बाबतीत भारी कडक. सगळ्यांना अंगणात काढलं, स्वयंपाकघरातल्या बटणांना हात लावून पाहिला, दुसऱ्या दिवशी वीजवाला बोलावला. त्यानं भिंतीतल्या तारा तपासल्या आणि म्हणाला, तारा नव्यासारख्या आहेत, बाई. त्या आठवड्यात डार्लाला तो वास आणखी दोनदा आला. मग तिनं सांगायचंच सोडून दिलं.

जानेवारीत निकाल लागले. डार्लाला एक पॉइंट सात.

आता आमच्या या घरांमधला एक रिवाज आहे, त्याला स्टेकचं जेवण म्हणतात. फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी सगळं घर ठेवणीतले कपडे घालून जेवायला बसतं. ज्यांचे गुण वर गेले त्यांना स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा, पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्त्या. ज्यांचे खाली आले त्यांना कागदी बशीत डब्यातले बीन्स. शिवाय बीन्सवालींनी आधी स्टेकवालींना वाढायचं. सगळं हसतखेळत. कुणी गळ्यात पाटी अडकवून येते, कुणी मुद्दाम मोलकरणीची टोपी घालते. ज्यांना आयुष्यात बीन्स एकदाच खावे लागतात त्यांना त्यात गंमत वाटते.

डार्ला निळा झगा घालून आली होती, आईनं नाताळात शिवलेला. तिनं लेस्लीची बशी उचलली, चार पावलं टाकली आणि जेवणघराच्या मधोमध थांबली. बशी हातात, डोळे खिडकीवर, ओठ चघळल्यासारखे हलतायत. बशी हळूहळू कलायला लागली. आधी रस सांडला, मग बटाटा, मग स्टेकचा तुकडा घसरून निळ्या झग्यावरून खाली गेला. एवढं होऊनही ती हलली नाही.  मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कारण वाटलं, नाटक करतेय. झकास जमलंय! साठ पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीनं फोटो काढला. टाळ्या थांबल्यावर डार्लानं खाली आपल्या झग्याकडं बघितलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?” त्यावर तर हसून हसून पोरींची पुरेवाट झाली.

व्हर्ना हसली नाही. तिला राग आला होता. दंडाला धरून तिनं पोरीला स्वयंपाकघरात नेलं.

“लाज नाही वाटत? लेस्ली तुझ्यासाठी रक्त आटवते आणि तू तिच्या जेवणाचा तमाशा करतेस?”

“मॉम, मी काय केलं?”

“काय केलं म्हणून वर मलाच विचार!”

डार्ला ओल्या फडक्यानं झगा पुसत राहिली. एकच जागा पुन्हा पुन्हा. व्हर्नानं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, जा, कपडे बदल. पोरीचं ते ‘मी काय केलं?’ पुढं कितीतरी वर्षं तिच्या कानात वाजायचं होतं, पण त्या दिवशी ती फक्त चिडलेली होती.

अकरा घरांत दरवर्षी चांदीच्या वाडग्यासाठी चुरस असते. ज्या घराची सरासरी सगळ्यांत वर, त्याच्या दिवाणखान्यात वाडगा. एक मार्चला यादीवर ज्या मुलींची नावं असतील, त्यांचीच सरासरी धरतात. आता तुम्ही हुशार असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल की फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या घरांमधून काही पोरी आपण होऊन राजीनामे का देतात. त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. लेस्ली होती, आणखी चार पोरी होत्या, आणि सल्लागार म्हणून जुन्या बहिणींपैकी मिसेस थॉर्नबर्ग. व्हर्नाला वही घेऊन बोलावलं.

“ही केसिंजर मुलगी तासांना बसते का?” मिसेस थॉर्नबर्गनं विचारलं.

“बसते. एक मिनिट चुकवलेलं नाही.”

“मग गुण का नाहीत?”

व्हर्नाला सांगता आलं असतं, माहीत नाही म्हणून. तेच खरं होतं. पण बावीस वर्षं जिनं वही ठेवली तिला माहीत नाही म्हणायची सवय नव्हती.

“बसते, पण लक्ष नाही,” ती म्हणाली. “शेरे बघा.”

मिसेस थॉर्नबर्गनं पानं उलटली. “इतक्या वेळा?”

“मी पदरचं काही लिहीत नाही, बाई.”

“म्हणजे आपण आपल्याकडून सगळं केलं.”

“सगळं केलं,” व्हर्ना म्हणाली. लेस्लीनं मान खाली घातली होती. डार्लाला राजीनामा द्यायला सांगायचं ठरलं.

शनिवारी डार्लाचा बाप ट्रक घेऊन आला. दगडाची पूड त्याच्या बुटांच्या शिवणीत कायमची बसलेली. तो पायपुसण्यावर उभा राहिला, आत आला नाही. व्हर्नानं डार्लाच्या खोलीत जाऊन तिच्या पेट्या भरायला मदत केली, कारण पोरगी एकच स्वेटर घडी घालून काढत होती, पुन्हा घालत होती.

“मॉम, मी खरंच बसले होते ना सगळे तास?”

“बसली होतीस. पण नुसतं बसून काय होतं गं?”

“मला वाटलं होतं, बसले की होईल.”

व्हर्नानं स्वेटर तिच्या हातातून घेऊन पेटीत ठेवला. दारात बापानं डोक्यावरची टोपी काढून तिला म्हटलं, “तुम्ही केलंत ते पुष्कळ केलंत.” वाडगा त्या वर्षी चौथ्या घरात आला, तीन शतांशांनी. लेस्लीनं तो जेवणघरात आणून ठेवला, आणि आठ दिवसांनी स्वतःच उचलून दिवाणखान्यात नेला.

त्या जूनमध्ये व्हर्नानं नोकरी सोडली. आता ती बहिणीकडं राहते, कुणाच्या पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं तर नाही म्हणते. लोक म्हणतात, वय झालं. वय काही झालेलं नव्हतं. झाला तो एप्रिलमधला एक मंगळवार.

सकाळचे दहा वाजले असतील. पोरी वर्गाला गेल्या होत्या. ओपल केसिंजर पांढरे बूट घालून, खानावळीतून तशीच निघालेली, मागच्या दारानं आली. व्हर्नानं तिला लांब टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली. ओपलनं कपाला हात लावला नाही.

“डार्ला घरात पडली,” ती म्हणाली. “हातपाय झाडायला लागली. हॉस्पिटलात नेलं, त्यांनी डोक्याचा फोटो काढला. गाठ आहे. डाव्या कानाच्या वर, आत. अक्रोडाएवढी.”

“देवा,” व्हर्ना म्हणाली.

“गुरुवारी कापणार आहेत. जगली तरी बोलणं राहील का नाही, सांगता येत नाही म्हणाले.” ओपलनं पर्समधून एक वही आणि पेन काढलं. “डॉक्टरांनी विचारलं, ती मध्येच थांबते का. डोळे एका जागी लावून. ओठ चघळल्यासारखे करते का. नसलेला वास येतो का तिला, जळका वगैरे. म्हणाले, असे झटके कधीपासून येतायत ते हवंय. मी म्हटलं, मला काय माहीत, मार्चपर्यंत ती घरी चार दिवस नाताळची आली तेवढीच. तर डार्ला म्हणाली, मॉम स्टकींना विचार. त्या सगळं लिहून ठेवतात.”

व्हर्ना उठली. कपाटातून वही काढायला तिला बराच वेळ लागला. परत येऊन बसली तेव्हा तिनं वही उघडली नाही, वर हात ठेवून बसली.

“एक सांगा मला आधी,” ओपल म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, शरद ऋतूतच कुणी आणलं असतं तर गाठ वाटाण्याएवढी असती. सहज निघाली असती. तेव्हापासून मी एकच मागणं मागतेय, की तेव्हा काही नसावं. जानेवारीनंतरच सुरू झालेलं असावं. मग कुणालाच काही करता आलं नसतं, हो ना? मग देवाची मर्जी म्हणता येतं.”

व्हर्नाला त्या क्षणी जानेवारीचं पान उघडता आलं असतं. अक्षर तिचं, वही तिची, कोण बघणार होतं? तिच्या मनात आलंही ते. पण गुरुवारी त्या पोरीची कवटी उघडणाऱ्या माणसाला खोटं सांगायचं? तिनं वही उघडली आणि चष्मा लावला.

“एकोणीस सप्टेंबर,” ती वाचायला लागली. “लक्ष नाही, दोन दहा.”

ओपलचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

“तेवीस सप्टेंबर. लक्ष नाही, एक पंचावन्न. पुन्हा तीन पाच. दोन ऑक्टोबर, लक्ष नाही, दोन चाळीस, एक मिनिट. सात ऑक्टोबर, तीनदा. नऊ ऑक्टोबर, पान नाहीसं होतं म्हणते, ताकीद दिली. अकरा नोव्हेंबर, लक्ष नाही. जळका वास येतो म्हणाली. वीजवाला बोलावला.”

“वीजवाला,” ओपल म्हणाली.

व्हर्नानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. 

“तुम्ही हे सगळं बघितलंत?” ओपलनं विचारलं.

“बघितलं.”

“रोज?”

“रोज. इथंच बसायची, तुम्ही बसलाय तिथं.”

“मग तुम्हाला काय वाटलं, काय होतंय तिला?”

व्हर्नानं चष्मा काढला, पुन्हा लावला. “वाटलं, आळशी आहे,” ती म्हणाली.

 ओपल रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर व्हर्नाला ते चाललं असतं. मग तिनं आपल्या वहीचं पान सरळ केलं, वरती ‘एकोणीस सप्टेंबर’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

“पुढचं वाचा,” ती म्हणाली. “डॉक्टरांना सगळं हवंय.”

व्हर्नानं बोट ओलं करून पान उलटलं आणि नोव्हेंबरचं पुढचं वाचायला घेतलं.